मधल्या सिनेमाचं काय करायचं? : 'द टू टॉवर्स'चं प्रकरण

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्रयीतलं मधलं पुस्तक म्हणजे 'द टू टॉवर्स'. त्यात २१ प्रकरणं आहेत. दुष्ट सॉरॉनची अंगठी नष्ट करायला निघालेला नायक, फ्रोडो हा बुटका हॉबिट, पहिल्या ११ प्रकरणांत कुठेच भेटत नाही. उरलेल्या १० प्रकरणांत फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि अंगठीने पछाडलेला गॉलम यांच्याशिवाय जुन्या मंडळींपैकी कोणी फिरकत नाही. हेल्म्स डीप या गडावरची मोठी लढाई सातव्याच प्रकरणात उरकते. आणि शेवटच्या पानावर नायक शत्रूच्या ताब्यात, त्याचा सोबती बंद दरवाजावर धडका मारून बेशुद्ध, अशा अवस्थेत पुस्तक थांबतं. या मजकुरातून तीन तासांचा, आपल्या पायावर उभा राहील असा सिनेमा काढायचा होता, तोही अशा प्रेक्षकासाठी ज्याने पुस्तक हातात धरलेलं नाही.

पीटर जॅक्सन, फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयन्स आणि स्टीफन सिंक्लेअर या चौघांनी पटकथेत तो काढला. डिसेंबर २००२ मध्ये आलेला हा १७९ मिनिटांचा सिनेमा त्या वर्षी जगभरात सर्वाधिक कमाई करणारा ठरला. तरीही त्रयीचा विषय निघाला की लोक पहिल्या भागाची नवलाई सांगतात, तिसऱ्याची ११ ऑस्कर सांगतात आणि मधल्याबद्दल 'ती पावसातली रात्रीची लढाई' एवढं बोलून पुढे सरकतात. माझ्या मते तिन्हींतलं सगळ्यात अवघड पटकथालेखन याच सिनेमात झालं. ती लढाई त्याचा कळस खरा, पण सिनेमा उभा आहे तो तिच्यावर नाही, गॉलमवर. तिथवर पोचताना लेखकांनी कोणते निर्णय घेतले, त्यांतला कोणता पटतो आणि कोणाच्या जिवावर पटतो, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

मुळात मधला भाग नव्हताच

टॉल्किनने त्रयी लिहिलीच नव्हती. त्याने सहा खंडांची एक सलग कादंबरी लिहिली होती. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कागद महाग, पुस्तक अवाढव्य आणि ते खपेल याची कोणालाच खात्री नाही. म्हणून 'ॲलन अँड अनविन' या प्रकाशनसंस्थेने ते १९५४ आणि १९५५ मध्ये तीन भागांत काढलं. तिसरा आणि चौथा खंड एकत्र बांधले गेले आणि मधलं पुस्तक तयार झालं. या दोन खंडांना जोडणारा असा धागा फारसा नव्हता, त्यामुळे शीर्षकाचीही पंचाईत झाली. दोन मनोरे म्हणजे नक्की कोणते, याबद्दल खुद्द टॉल्किनचं मत बदलत राहिलं. प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात ते ऑर्थँक आणि सिरिथ उंगोल आहेत. पहिल्या भागाच्या शेवटी छापलेल्या टिपेत ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल. सिनेमाने हा घोळ एका फटक्यात मिटवला. सॉरॉनला सामील झालेला जादूगार सारुमान, त्याच्या तोंडून त्याचा ऑर्थँक आणि सॉरॉनचा बराद-दूर यांची युती जाहीर करून टाकली. पुस्तकाशी हे जुळत नाही, पण शत्रू कोण आहेत आणि कुठे बसले आहेत हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळतं. छोटा बदल आहे. तरी पुढे जे होणार त्याची चुणूक त्यात आहे: जिथे पुस्तक संदिग्ध, तिथे सिनेमा बिनधास्त ठरवून मोकळा होतो.

पडद्याच्या बाजूनेही मधला भाग तसा उपराच. जॅक्सन आणि वॉल्श यांनी मिरामॅक्स या चित्रपटकंपनीसाठी आधी दोन सिनेमांची मांडणी केली होती. त्यात पहिला सिनेमा सारुमानच्या मृत्यूपर्यंत जात होता आणि दुसरा तिथून पुढे. मिरामॅक्सला दोन सिनेमांचा खर्च झेपेना, सगळं एकाच सिनेमात बसवा असा तगादा सुरू झाला. १९९८ मध्ये जॅक्सन ही योजना घेऊन न्यू लाइन सिनेमाकडे गेला. तिथले प्रमुख बॉब शेय यांनी विचारलं की पुस्तकं तीन आहेत, तर सिनेमे दोनच का? हा किस्सा नेहमी भाग्याचा क्षण म्हणून सांगितला जातो, आणि तो होताही. पण दोन भागांच्या आराखड्यात 'मधला' नावाची अडचणच नव्हती. ती त्या बैठकीत जन्माला आली. आता तीन स्वतंत्र शेवट लागणार होते, आणि पुस्तकाने दोनच दिले होते.

आधीचा दाखलाही दिलासा देणारा नव्हता. राल्फ बाक्षीचा १९७८ चा ॲनिमेशनपट हेल्म्स डीपच्या लढाईनंतर थांबला होता आणि त्याचा पुढचा भाग कधी निघालाच नाही.

जॅक्सनच्या बाजूने एक गोष्ट मात्र होती. तिन्ही सिनेमांचं मुख्य चित्रीकरण ११ ऑक्टोबर १९९९ ते २२ डिसेंबर २००० या काळात न्यूझीलंडमध्ये एकत्रच झालं होतं. पहिला सिनेमा डिसेंबर २००१ मध्ये लोकांनी डोक्यावर घेतला, तेव्हा दुसऱ्याचा कच्चा माल हातात होता आणि वाढीव चित्रीकरणासाठी कलाकारांना परत बोलावण्याची सोयही होती. म्हणजे मधला सिनेमा कागदावर जितका लिहिला गेला, तितकाच संकलनाच्या टेबलावर लिहिला गेला.

शेवट कुठे करायचा

पर्याय दोन होते. पुस्तकाप्रमाणे शेलॉब या जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळिणीच्या बिळात शेवट करायचा, किंवा हेल्म्स डीपवर. दोन्ही ठेवायचे तर एका सिनेमाला दोन कळस होतात आणि दोघेही एकमेकांचे पाय ओढतात. लेखकांनी शेलॉबला उचलून तिसऱ्या सिनेमात टाकलं.

याला अनेक वाचकांनी फितुरी म्हटलं, पण टॉल्किनचीच तारीखवार नोंद लेखकांच्या बाजूने उभी राहते. तिसऱ्या भागाच्या परिशिष्टात घटनांची दिनदर्शिका आहे. हेल्म्स डीपची लढाई ३ मार्चच्या रात्री होते. फ्रोडो सॉरॉनच्या मॉर्डोर देशाच्या काळ्या दरवाजाशी पोचतो ५ मार्चला, गाँडोर या माणसांच्या राज्याचा सरदार फॅरामिर याला भेटतो ७ मार्चला आणि शेलॉबच्या बिळात शिरतो १२ मार्चला, जेव्हा तिकडे गाँडोरवर हल्ला सुरू झालेला असतो. टॉल्किनला दोन धागे वेगवेगळे सांगायचे होते, म्हणून ही नऊ दिवसांची तफावत वाचकाला जाणवत नाही. सिनेमात दोन्ही धागे एकाआड एक गुंफायचे ठरल्यावर शेलॉब तिसऱ्या भागातच बसते.

पण हा एक दगड हलवला आणि सगळी भिंत पुन्हा रचावी लागली. पुढचे जवळजवळ सगळे वादग्रस्त बदल इथूनच निघाले आहेत. ते सुटे सुटे घेऊन 'हे का बदललं, ते का बदललं' अशी यादी करणाऱ्यांना ही साखळी दिसत नाही.

पहिली कडी म्हणजे हेल्म्स डीप मोठं करणं. पुस्तकात रोहानचा राजा थिओडेन लढायलाच बाहेर पडतो, वाटेत परिस्थिती कळल्यावर गँडाल्फ या जादूगाराच्या सल्ल्याने गडाकडे वळतो. राजधानी एडोरासची बायकामुलं राजाची भाची एओविन हिच्याबरोबर दुसरीकडे, डनहॅरोला जातात. सिनेमात राजा लढाई टाळतो आणि अख्खी प्रजा घेऊन गडाच्या आसऱ्याला निघतो. त्यामुळे तटामागे आता फक्त सैनिक नाहीत, गुहांमध्ये रडणारी पोरं आहेत, आणि हातात तलवार धरता न येणारी म्हातारी माणसं व मुलं तटावर उभी केली जातायत. समोर सारुमानचे दहा हजार राक्षसी सैनिक, उरुक-हाय, आत जेमतेम तीनशे. एओविनचा भाऊ एओमर याला पुस्तकात तुरुंगात टाकलेलं असतं आणि तो सुटून लढाईत उतरतो. सिनेमात त्याला हद्दपार केलंय, म्हणजे पहाटे गँडाल्फबरोबर डोंगरमाथ्यावरून उतरायला कोणीतरी ओळखीचं शिल्लक राहतं. पुस्तकात त्या जागी एर्केनब्रँड नावाचा सरदार येतो. शेवटच्या दहा मिनिटांत नव्या माणसाची ओळख करून देणं कोणत्याही पटकथेला परवडत नाही. हा बदल मला निर्दोष वाटतो.

एल्फ या अमर जमातीच्या सैन्याची तुकडी गडावर येते, हे मात्र पुस्तकात कुठेच नाही. आधी तर ॲरागॉर्न या योद्ध्याची एल्फ प्रेयसी आर्वेन स्वतः तलवार घेऊन या लढाईत उतरणार होती आणि लिव्ह टायलरबरोबर तसं काही चित्रीकरणही झालं होतं. नंतर तो विचार सोडला, आर्वेनला परत परिशिष्टातल्या तिच्या मूळ गोष्टीकडे नेलं. एल्फ तेवढे राहिले. एलरॉंडचा निरोप आणि जुनी युती एवढंच कारण त्यांचा म्होरक्या हॅल्डीर सांगतो; मेले तर पुढे त्यांच्या लोकांना काय वाटलं, याचा सिनेमाला पत्ता नाही. हॅल्डीरचा मृत्यू संगीताच्या जोरावर हलवून जातो, पण नंतर विचार केला तर हातात काही राहत नाही.

लढाईच्या निर्मितीबद्दल इतकं लिहून झालंय की थोडक्यात आटोपतो. वेलिंग्टनजवळच्या एका दगडखाणीत गडाचा तट उभारला आणि कित्येक आठवडे रात्रपाळीत, कृत्रिम पावसात भिजत चित्रीकरण चाललं. गर्दीसाठी स्टीफन रेगेलस याने 'मॅसिव्ह' हे सॉफ्टवेअर लिहिलं, ज्यात संगणकातला प्रत्येक सैनिक आजूबाजूला पाहून आपली हालचाल आपण ठरवतो. आणि उरुक-हाय सैन्याची ती छातीत घुमणारी गर्जना? फेब्रुवारी २००२ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंड आणि इंग्लंड यांच्यात एकदिवसीय सामना होता. डावांच्या मध्यंतरात जॅक्सन मैदानात उतरला आणि सुमारे २५ हजार प्रेक्षकांकडून त्याने ती ओरडून घेतली, छाती बडवून घेतली. त्या दिवशी इंग्लंडचा खेळ उरुक-हायपुढे उभं राहिल्यासारखाच झाला, पण तो विषय वेगळा.

फॅरामिरची किंमत

शेलॉब गेल्यावर फ्रोडो आणि सॅमच्या धाग्याला कळस उरला नाही. एकीकडे तट फुटतोय, दुसरीकडे धरण फुटतंय आणि तिसरीकडे दोन हॉबिट एका सज्जन माणसाकडे जेवून, निरोप घेऊन पुढे चाललेत, असं दाखवता येत नाही. तिथे अडथळा हवा होता. जवळ एकच माणूस उपलब्ध होता.

पुस्तकातला फॅरामिर अंगठीला स्पष्ट नकार देतो. रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही असं तो तिच्याबद्दल काही माहीत होण्याआधीच सांगतो, आणि माहीत झाल्यावर शब्द पाळतो. पहिल्या भागात थोरला भाऊ बोरोमिर जिथे घसरला तिथे हा धाकटा पाय रोवून उभा राहतो. पुस्तकप्रेमींचा हा अतिशय लाडका माणूस. सिनेमातला फॅरामिर, डेव्हिड वेनमचा, आधी अंगठीचा मोह धरतो, दोघांना कैद करून ऑस्गिलिअथच्या पडक्या शहरापर्यंत फरफटत नेतो आणि तिथे सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर सोडून देतो.

बॉयन्स यांनी याचं समर्थन अनेकदा केलंय. अंगठी प्रत्येकाला भुलवते असं दोन सिनेमे सांगत आल्यावर, एक माणूस तिच्याकडे बघून सहज 'नको' म्हणाला तर तिच्यातला विखारच निघून जातो. युक्तिवाद बिनतोड आहे. वाचकाला टॉल्किन फॅरामिरचं मन पानोपानी उलगडून दाखवतो, त्यामुळे नकाराचं वजन कळतं. पडद्यावर तोच नकार फुकटात मिळाल्यासारखा दिसला असता.

मला खटकतं ते वेगळंच. फॅरामिर का मोहात पडतो याचं उत्तर चित्रगृहात दाखवलेल्या सिनेमात नाही. ते विस्तारित आवृत्तीत आहे, जी चाळीसेक मिनिटांनी लांब आहे. तिथे ऑस्गिलिअथ परत मिळवल्याच्या आनंदात बाप डेनेथॉर येतो, थोरल्याला मिठी मारतो, धाकट्याला सगळ्यांसमोर तुच्छ लेखतो. बोरोमिर मध्ये पडून भावाची बाजू घेतो. एवढ्या एका प्रसंगाने फॅरामिरचा मोह सत्तेचा राहत नाही, तो बापाच्या एका शाबासकीचा होतो. मग त्याने शेवटी अंगठी सोडणं म्हणजे ती शाबासकी सोडणं, आणि ते पुस्तकातल्या नकाराच्या जवळ जातं. हा प्रसंग कापून, त्याच्या आधाराने उभा असलेला निर्णय तेवढा ठेवला. थिएटरमध्ये पाहणाऱ्याला फॅरामिर आधी आडमुठा आणि मग अचानक उदार वाटला, यात त्याचा दोष नाही.

ऑस्गिलिअथमध्ये सॅम फ्रोडोला सांगतो की खरं तर आपण इथे असायलाच नको होतं. पुस्तक माहीत असलेला प्रेक्षक तिथे हमखास हसतो, कारण पुस्तकात ते तिथे नसतातच. लेखकांना हे कळत असणार. पण त्यानंतरचं सॅमचं बोलणं, जुन्या गोष्टींतली माणसं परत फिरू शकत असताना का फिरली नाहीत याबद्दलचं, ते टॉल्किनच्या मजकुरातून आलेलं आहे. पुस्तकात सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर दोघे थकून बसलेले असताना गोष्टींबद्दल निवांत बोलतात. सिनेमाने ते बोलणं तिथून उचललं, वक्तृत्वाच्या अंगाने वाढवलं आणि एकाच वेळी तीन आघाड्यांवरच्या दृश्यांवर अंथरलं: थिओडेनची स्वारी, सारुमानच्या आयझेनगार्ड या तळावरचा पूर आणि उद्ध्वस्त शहर. तीन सुटे धागे जिथे खरोखर एका गाठीत येतात अशी सिनेमातली ही एकमेव जागा. जरा भाषणबाजी होते. पण चालून जाते, कारण शॉन ॲस्टिन ते भाषण म्हणून म्हणत नाही. जवळच्या माणसाला उठवायला काहीतरी बोलत राहावं, तसा बोलतो.

गॉलम

आता ज्यासाठी हे सगळं मांडायला घेतलं तिकडे येतो. या सिनेमातल्या जवळपास प्रत्येक पात्राची गोष्ट आधी सुरू झालेली आहे किंवा पुढे संपणार आहे. ॲरागॉर्न राजा होईल तिसऱ्या भागात. फ्रोडो मॉर्डोरच्या दारातून मागे फिरलाय. मेरी आणि पिपिन या दुसऱ्या दोन हॉबिटांची खरी परीक्षा पुढे आहे. थिओडेन जागा होतो, लढतो, पण त्याचाही शेवट पुढच्या सिनेमात. सुरुवात, मध्य आणि शेवट या तिन्ही गोष्टी इथेच असलेला एकच: गॉलम.

तो डोंगरकड्यावरून उलटा उतरत येतो तो खून करायला. पकडला जातो, गळ्यात दोर पडतो, शपथ घेतो. फ्रोडो त्याला त्याच्या विसरलेल्या नावाने, स्मीगॉल म्हणून हाक मारतो. हळूहळू स्मीगॉल वर येतो, गॉलमला हाकलून देतो, काही काळ खरोखर आनंदात नाचतो. मग निषिद्ध तळ्यापाशी फ्रोडोच्याच गोड हाकेवर विसंबून जवळ येतो आणि पकडला जातो. फॅरामिरची माणसं मारतात. कोपऱ्यात तोंड वळवून बसलेल्या त्या पाठीतून गॉलम परत बोलू लागतो. सिनेमाच्या अगदी शेवटी तो दोघांना कुठे न्यायचं ते ठरवून टाकतो. विश्वास, सुटका, विश्वासघात, सूड. मधल्या सिनेमाला जो स्वतःचा आकार हवा होता तो लढाईने दिला नाही, या माणसाने दिला. 'माणसाने' हा शब्द मुद्दाम वापरतोय.

इथे फॅरामिरचा बदलही वेगळ्या उजेडात दिसतो. पुस्तकातही गॉलम तळ्यावर पकडला जातो, तिथेही फ्रोडोच त्याला फसवून बोलावतो. पण सिनेमातला कठोर फॅरामिर त्या दगलबाजीला मारहाणीची जोड देतो आणि स्मीगॉलच्या परतीची वाट बंद करतो. फॅरामिरची बदनामी झाली ती अशी गॉलमच्या खात्यात जमा झाली. लेखकांनी हा व्यवहार जाणूनबुजून केला की ओघात झाला, सांगता येणार नाही. हिशेब मात्र जुळतो.

अँडी सर्किसला बोलावलं होतं ते आवाजासाठी. मांजराच्या घशात केसांचा गोळा अडकल्यावर ते जसं आचके देतं, त्यावरून त्याने तो आवाज बसवला. आवाज काढताना त्याचं अख्खं अंग आणि चेहरा पिळवटायचा. ते पाहिल्यावर जॅक्सनने त्याला प्रत्यक्ष चित्रीकरणात उतरवलं. तो अंगाला चिकटणारा पोशाख घालून फ्रोडो झालेला एलायजा वूड आणि सॅम झालेला शॉन ॲस्टिन यांच्यासमोर प्रसंग करायचा. नंतर तोच प्रसंग त्याच्याशिवाय चित्रित व्हायचा. आणि पुढे स्टुडिओत मोशन कॅप्चरसाठी, म्हणजे अंगाच्या हालचाली संगणकात टिपण्यासाठी, तो पुन्हा सगळं करायचा. चेहऱ्याच्या हालचाली मात्र या सिनेमात यंत्राने टिपलेल्या नाहीत. वेटा डिजिटलच्या ॲनिमेटरनी सर्किसचा अभिनय समोर ठेवून त्या हाताने रचल्या. गॉलमचा चेहराही सर्किसच्या ठेवणीवर नव्याने घडवला, म्हणूनच पहिल्या सिनेमात अंधारात ओझरता दिसलेला गॉलम आणि हा, दोघे वेगळे दिसतात. त्वचेत शिरून आत पसरणारा प्रकाश संगणकात आणण्याचं तंत्र इथे इतकं पुढे गेलं की २००४ मध्ये अकॅडमीने त्या कामासाठी तांत्रिक पुरस्कार दिला.

पण तंत्राच्या कौतुकात एक साधी गोष्ट झाकली जाते. या पात्राचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग, रात्री झोपलेल्या हॉबिटांशेजारी स्मीगॉल आणि गॉलम यांचं भांडण, सिनेमातल्या सगळ्यात जुन्या युक्तीवर उभा आहे. फ्रॅन वॉल्श हिने दिग्दर्शित केलेला हा प्रसंग. सुरुवातीला कॅमेरा एकाच चेहऱ्याभोवती सरकतो आणि सरकता सरकता चेहऱ्याचे भाव बदलतात. मग अचानक काप येतो: एक डावीकडे बघतोय, दुसरा उजवीकडे. दोन माणसं समोरासमोर बोलत असताना जसं दाखवतात तसंच. काही सेकंदांत प्रेक्षक विसरतो की तिथे एकच जण बसलाय. जे टॉल्किनने फ्रोडो झोपल्याचं पाहून पुटपुटणाऱ्या गॉलमच्या तोंडी घातलं आणि सॅमला चोरून ऐकवलं, ते इथे फक्त संकलनाने साधलंय. कोट्यवधींच्या संगणकीय कामाची छाती दडपून जावी असा हा दोन कोनांचा साधेपणा.

स्मीगॉलला अंगठी कशी मिळाली, म्हणजे जिवलगाचा गळा दाबून, तो प्रसंगही मुळात याच सिनेमासाठी ठरला होता. नंतर तो तिसऱ्याच्या सुरुवातीला नेला. इथे तो आला असता तर गॉलमची कीव करायची की नाही, हा फ्रोडो आणि सॅममधला वाद प्रेक्षकासाठी आधीच निकालात निघाला असता. न सांगितल्यामुळे आपण तीन तास फ्रोडोइतकेच अंधारात आणि त्याच्याइतकेच आशावादी राहतो.

जे पटत नाही

एन्ट. पुस्तकातले हे वृक्षरक्षक लांबलचक सभा घेतात आणि युद्धाचा निर्णय घेतात. सिनेमात ते नाही म्हणतात. मग पिपिन त्यांच्यातल्या ट्रीबिअर्डला युक्तीने तोडलेल्या जंगलाच्या बाजूने न्यायला लावतो आणि तो दृश्य पाहून भडकतो. पिपिनला काहीतरी करायला मिळालं हे खरं. पण आपल्या जंगलाच्या काठावर सारुमान झाडं तोडतोय हे हजारो वर्षं तिथे राखण करणाऱ्याला एका हॉबिटने दाखवून द्यावं लागतं, म्हणजे हा राखणदार करतो काय? आणि लढाई ऐन रंगात असताना कॅमेरा पुन्हा पुन्हा त्या संथ सभेकडे वळतो, तेव्हा जॅक्सनला ताण वाढवायचा असतो, प्रत्यक्षात तो गळतो.

ॲरागॉर्नचं कड्यावरून पडणं तर निव्वळ भरती. तो मेला नाहीये हे तिकीट काढतानाच सगळ्यांना ठाऊक असतं. त्या निमित्ताने आर्वेनचा धागा आत येतो. तिचा बाप एलरॉंड याने रंगवलेलं ॲरागॉर्नच्या मृत्यूनंतरचं तिचं एकाकी भविष्य हे टॉल्किनच्या परिशिष्टातून आलेलं आणि सिनेमातल्या सुंदर तुकड्यांपैकी एक. त्यासाठी कडा लागत नव्हता.

याउलट जिथे पटकथेने काहीच केलं नाही तिथे सिनेमा फार वर जातो. साउथ आयलंडच्या कँटरबरीत माउंट संडे नावाच्या एकाकी टेकडीवर एडोरास बांधलं, मागचे बर्फाचे डोंगर खरे. वारा इतका की पात्रांना वेगळा अभिनय करावाच लागत नाही. अँड्र्यू लेस्नीचा कॅमेरा, वर हॉवर्ड शोरने हार्डँगर या नॉर्वेजियन फिडलवर वाजवून घेतलेली रोहानची धून. पायऱ्यांवर उभी एओविन आणि तुटून उडणारा ध्वज. एका राज्याची पडती कळा एवढ्यात सांगून होते.

हिशेब

सुमारे ९.४ कोटी डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमाने ९२ कोटींहून अधिक कमावले, म्हणजे पहिल्याच्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त. ऑस्करला सहा नामांकनं होती, त्यांत सर्वोत्तम चित्रपटाचंही होतं. मिळाली दोन: ध्वनिसंकलन आणि दृश्यपरिणाम. गंमत नामांकन न मिळालेल्या जागांत आहे. पहिल्या सिनेमाच्या पटकथेला नामांकन होतं, तिसऱ्याच्या पटकथेने ऑस्कर घेतलं. मधल्या पटकथेचं नावही यादीत नव्हतं. दिग्दर्शनाचंही नाही. सर्किसचं तर नाहीच, त्या वेळी तो अभिनय कोणाचा म्हणायचा हेच ठरलेलं नव्हतं. जिथे जोडकाम सर्वांत जास्त, तिथे जोड दिसू नये हीच कारागिरी, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला नामांकन कोण देणार.

उधारी मात्र तिसऱ्या सिनेमावर गेली. पुस्तकात लढाईनंतर ऑर्थँकच्या पायथ्याशी सारुमानशी होणारी बोलाचाली हे एक मोठं प्रकरण आहे. हेल्म्स डीपनंतर ती ठेवली तर सिनेमा दोनदा संपल्यासारखा वाटला असता, म्हणून ती पुढे ढकलली. पुढे गेल्यावर ती तिथेही अडचण झाली आणि चित्रगृहातल्या तिसऱ्या भागातून साफ गेली. दोन सिनेमे खलनायक म्हणून वावरलेल्या क्रिस्टोफर ली यांचा शेवट लोकांना विस्तारित आवृत्तीत पाहावा लागला. ली यांनी आपली नाराजी लपवली नाही.

दुसरी उधारी गॉलमची. पुस्तकात सिरिथ उंगोलच्या त्या पायऱ्यांवर, दोघे झोपलेले असताना, गॉलम परत येतो, फ्रोडोकडे बघत राहतो आणि हळूच त्याच्या गुडघ्याला हात लावतो. क्षणभर तो केवळ एक दमलेला म्हातारा हॉबिट असतो. तेवढ्यात सॅम जागा होऊन खेकसतो आणि ती वाट कायमची बंद होते. दुसऱ्या सिनेमाला पूर्ण आकार हवा, म्हणून गॉलमने त्याच्या शेवटीच निर्णय घेऊन टाकला. त्यामुळे तिसऱ्यात पायऱ्यांवर पोचेपर्यंत त्याच्या मनात डळमळण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नाही. पायऱ्यांवरचा ताण मग दुसरीकडून आणावा लागला: लेंबास या एल्फ पोळीचे तुकडे, खोटा आळ आणि फ्रोडोने सॅमला घरी जायला सांगणं. त्रयीतला सर्वांत ओढूनताणून आणलेला तो प्रसंग तिसऱ्या सिनेमाच्या नावावर लागला, पण माझ्या मते तो खर्च दुसऱ्याचा आहे.